जादा आलेले ३०,००० परत केले आणि खातंच अडकलं

प्रश्न : वेंगुर्ला तालुक्यात समुद्राजवळ आमचं चार खोल्यांचं न्याहारी-निवास आहे. एप्रिल-मेमध्ये घरच्या कलमांचा हापूसही पेटीने पाठवतो. गेल्या मे महिन्यात परराज्यातल्या एका गिऱ्हाइकाने फोनवर दोन पेट्या मागवल्या. ७,००० रुपये व्हायचे, यूपीआयवर ३७,००० आले. ‘घाईत आकडा चुकला, वरचे ३०,००० या नंबरवर टाका’ म्हणून त्याने दुसराच नंबर दिला. दुसऱ्याचा पैसा कशाला ठेवायचा, म्हणून मी लगेच टाकले. पेट्याही ट्रान्सपोर्टने रवाना केल्या. तीन आठवड्यांनी खातं बंद झालं, २ लाख १४ हजार आत अडकले. शाखेत म्हणतात, ‘दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांचं आहे, तिकडे जाऊन या.’ आता एकाचा फोन येतो : ‘मी सब-इन्स्पेक्टर बोलतोय, १५,००० पाठवा, संध्याकाळी खातं सुरू.’ त्यात भर म्हणजे आमच्या घराचे फोटो लावून कोणी तरी खोटं पान काढलंय. परवा पुण्याचं एक कुटुंब ६,००० आगाऊ भरून बॅगांसकट दारात उभं. त्या यूपीआयवर जे नाव दिसतं त्या माणसाचा फोटो शोधून ‘हा चोर’ म्हणून टाकू या, असं मुलगा म्हणतो. माझ्यावर गुन्हा दाखल होईल का?
ता. क. कुडाळच्या भाच्याने आपलं बँक खातं महिना ५,०००वर कोणाला तरी ‘वापरायला’ दिलंय, असं काल कळलं. त्यात वावगं काही नाही ना?
— एक वाचक भगिनी

उत्तर :

ताई, ते १५,००० पाठवू नका. तो नंबर पुसूही नका, पुढे लागेल. खात्यावरची बंदी उठते ती तपास करणाऱ्यांनी बँकेला लेखी कळवल्यावर किंवा न्यायालयाच्या आदेशाने. त्याला फी नसते, आणि कोणाच्या खासगी यूपीआयवर तर ती मुळीच भरायची नसते. खाती अडकलेल्या लोकांचे गट व्हॉट्सॲप-टेलिग्रामवर आहेत. तिथे कोणी आपली कर्मकथा लिहिली की असे ‘सब-इन्स्पेक्टर’ घारीसारखे उतरतात. मुलाने अशा एखाद्या गटात काही लिहिलंय का, विचारा. फोनवाल्याने ठाण्याचं नाव सांगितलं असेल तर त्या राज्याच्या पोलिसांच्या अधिकृत संकेतस्थळावरून ठाण्याचा नंबर काढून चौकशी करा. त्यानेच दिलेल्या नंबरवर नको.

ता. क.चं उत्तर शेवटी दिलंय. वेळ कमी असेल तर आधी तेच वाचा. तुमच्या पत्रातली सगळ्यांत जड ओळ ती आहे.

खातं का अडकलं ते आधी समजून घ्या. देशात कुठे तरी कोणाचे पैसे लुबाडले गेले. त्याने १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन केला किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर, म्हणजे सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर, तक्रार टाकली. तक्रारीत व्यवहाराचा यूटीआर क्रमांक असतो, यूपीआयच्या बाबतीत १२ आकडी. त्याचा माग काढत पैसा पहिल्या खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात कुठे गेला हे बँका शोधतात आणि माग लागेल तिथे रक्कम अडवली जाते. पोलीस या टप्प्यांना ‘लेयर’ म्हणतात. ही व्यवस्था २०२१ मध्ये सुरू झाली आणि तिच्यामुळे अनेकांचे पैसे वाटेतच थांबलेत, हे मान्य करायला हवं. पण रापण ओढताना मासळी निवडून घेता येत नाही. लुबाडलेल्या पैशातून कोणी आंबे घेतले तर आंबेवालाही जाळ्यात येतो.

आणि १९३०ची तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे. पुष्कळदा खातं अडकतं तेव्हा गुन्हाही नोंदलेला नसतो, नोंदला असला तरी त्यात तुमचं नाव असेलच असं नाही. खातं अडकणं हा तपासातला उपाय आहे, शिक्षा नाही. बँक खातं ही जप्त करता येण्याजोगी ‘मालमत्ता’ आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात ठरवलं. आज तो अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम १०६ मध्ये आहे. त्याच कलमात पोलिसांवर एक बंधनही आहे : जप्तीची खबर विनाविलंब दंडाधिकाऱ्यांना द्यायची. ती दिली का, हा प्रश्न तुमच्या अर्जात असायलाच हवा.

मग गुन्हा तुमच्यावर लागू शकतो का? तीन कलमांची नावं कानावर पडतील. भारतीय न्याय संहितेचं (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेला कायदा) ३१८(४), म्हणजे जुनं ४२० : फसवणूक, सात वर्षांपर्यंत कैद. ३१७ : चोरीचा माल घेणं. या ‘चोरीच्या माला’त आता फसवणुकीने मिळवलेली मालमत्ताही येते. आणि माहिती तंत्रज्ञान कायदा २०००चं ६६ड : संगणक किंवा मोबाइल वापरून तोतयेगिरीने फसवणूक, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. तिन्हींचा कणा एकच, अप्रामाणिक हेतू. ३१७ मध्ये तर स्पष्ट लिहिलंय की माल चोरीचा आहे हे माहीत असायला हवं, किंवा तसं वाटायला सबळ कारण असायला हवं. आंब्याची वाजवी किंमत घेऊन आंबे पाठवणाऱ्याकडे तो हेतू नसतो.

तुमची दुखरी जागा ते ७,००० नाहीत, ते ३०,००० आहेत. ‘चुकून जादा आले, दुसऱ्या नंबरवर परत करा’ ही चोरीचा पैसा पुढे ढकलण्याची ठरलेली युक्ती आहे. भामट्याला पेट्या नको होत्या. त्याला एका प्रामाणिक माणसाचं खातं हवं होतं, ज्यातून पैसा आत येऊन लगेच तिसरीकडे जाईल. तपास अधिकाऱ्याच्या पडद्यावर दिसतं ते एवढंच : ३७,००० आत, काही मिनिटांत ३०,००० बाहेर, तेही वेगळ्याच खात्यात. भाड्याने दिलेल्या खात्याचा व्यवहारही असाच दिसतो. फरक दाखवतो तो संभाषणाचा पुरावा. म्हणून ते चॅट, त्याचा फोन नंबर, कॉलची नोंद यातलं काहीही पुसू नका. आणि ही गोष्ट लपवू नका. व्यवहार त्यांना दिसतोच आहे. तुम्ही अर्जात त्याचा उल्लेख गाळलात तर जी चूक होती ती संशय होऊन बसते.

पुढच्या वेळी कोणाचे पैसे जादा आले तर हात लावायचा नाही. पाठवणाऱ्याला सांगायचं, ‘तुमच्या बँकेत तक्रार करा, माझी बँक उलट जमा करील.’ त्याच दिवशी आपल्या शाखेला यूटीआर क्रमांकासह लेखी कळवायचं आणि पोच घ्यायची. खऱ्या गिऱ्हाइकाला हे पटतं. जो घाई करतो, रडतो, हॉस्पिटलची कारणं सांगतो त्याच्याबाबत तर थांबायलाच हवं.

आता शाखा. ‘तिकडे जाऊन या’ हे उत्तर अर्धवट आहे. तिकडे म्हणजे कुठे, हे बँकेला माहीत असतं, कारण तिच्याकडे सूचना आलेली असते. तोंडी विचारू नका. शाखाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. त्यात पाच गोष्टी मागा : तक्रारीचा पोच क्रमांक, राज्य, जिल्हा आणि पोलीस ठाणं, अधिकाऱ्याचा ईमेल असल्यास तोही, वादातल्या व्यवहाराचा यूटीआर आणि रक्कम, खात्यावर नेमकं काय लावलंय, ठरावीक रकमेवर ‘लियन’ की पूर्ण ‘डेबिट फ्रीज’, आणि आलेल्या सूचनेची प्रत. चौथा मुद्दा सगळ्यांत कामाचा. लियन असेल तर तेवढी रक्कम सोडून बाकीची वापरता येते. डेबिट फ्रीज असेल तर दूधवाल्याचे ५० रुपयेही जात नाहीत. पुष्कळदा सूचना काही हजारांची असते आणि बँक सुरक्षित खेळायला सगळं खातं गोठवते. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये आणि मद्रास उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये बंदी वादातल्या रकमेपुरती ठेवायला लावली आहे. ते निकाल अर्जाला जोडता येतात. बँकेने माहितीच दिली नाही तर तिच्या तक्रार कक्षाकडे लिहा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा जे आलं ते पटत नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, मोफत. मात्र पोलिसांची सूचना लोकपाल रद्द करत नाही. तिथे दाद मिळते ती बँकेच्या टाळाटाळीबद्दल.

माहिती हाती आली की फाइल जमवा. दोन पेट्यांचं बिल, किंवा वहीतली नोंद असेल तर त्या पानाचा फोटो. ट्रान्सपोर्टची पावती, आणि पलीकडे पेट्या कोणी उचलल्या याची नोंद त्यांच्याकडून लेखी. ही नोंद बहुतेक जण विसरतात आणि तीच मोलाची असते. पेट्या कोणी उचलल्याच नसतील तर तेही तुमच्याच बाजूने बोलतं. संपूर्ण चॅट, मधलं काही न कापता ‘एक्स्पोर्ट’ करून. सहा महिन्यांचा खातेउतारा, ज्यात दरवर्षीसारखे आंब्याचे आणि खोल्यांचे छोटे-छोटे व्यवहार दिसतात. आधार, पॅन, न्याहारी-निवासाची नोंदणी, उद्यम नोंदणी असेल तर ती.

अर्ज तपास अधिकाऱ्याच्या नावे, ईमेलनेही आणि स्पीड पोस्टानेही, पोचपावतीसह. भाषा साधी ठेवा. सुमारे असा मजकूर पुरतो : ‘अमुक तारखेला दोन पेटी आंब्याच्या विक्रीपोटी ३७,००० जमा झाले. किंमत ७,००० होती. गिऱ्हाइकाने चुकून जादा आल्याचं सांगून दिलेल्या अमुक यूपीआयवर मी ३०,००० पाठवले. ते संभाषण सोबत आहे. मूळ फसवणुकीची मला माहिती नव्हती. तपास होईपर्यंत ३७,००० अडवून ठेवण्यास हरकत नाही, परंतु ही कबुली नव्हे आणि विक्रीच्या ७,००० वरचा माझा हक्क मी सोडत नाही. उरलेली रक्कम मोकळी करण्याबाबत बँकेला कळवावं. कलम १०६ खाली दंडाधिकाऱ्यांना अहवाल दिला असल्यास त्याची तारीख कळवावी.’ खिशातून गेलेल्या ३०,०००चा भार पुन्हा आपणच उचलायचा, हे मनाला लागतं. तरीही २ लाख १४ हजारांतले १ लाख ७७ हजार आधी सुटू देत, उरलेल्याचं भांडण नंतर करता येतं. मूळ तक्रारदाराचा नंबर कोणी दिला तर परस्पर तडजोड करून पैसे पाठवू नका. ते नोंदीत येत नाहीत आणि खातं तसंच राहतं.

त्याच आठवड्यात स्वतःचीही तक्रार द्या. तुमचं खातं फसवून वापरलं गेलंय, म्हणजे तुम्हीही तक्रारदार आहात. पोर्टलवर किंवा ठाण्यात त्या गिऱ्हाइकाचा नंबर आणि ३०,००० गेलेला यूपीआय लिहून द्या. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर, घटना कुठेही घडलेली असो, कोणत्याही ठाण्याने घ्यायची असते. ईमेलने दिली तर तीन दिवसांत सही करायची. वेंगुर्ल्याचं ठाणं तुम्हाला ओरोसला, म्हणजे सिंधुदुर्गनगरीच्या सायबर ठाण्याकडे पाठवील. त्याला कारण आहे : माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा अधिकारीच करू शकतो. पण तपास तिकडे होणार म्हणून खबरच इथे घेणार नाही, असं होत नाही.

परराज्यातून नोटीस आली तर घाबरण्याआधी नोटिशीवर नागरिक सुरक्षा संहितेचं कोणतं कलम लिहिलंय ते वाचा, सगळं त्यावर आहे. कलम ९४ म्हणजे कागद मागितलेत. ते पाठवून दिले की भागतं, स्वतः जावं लागत नाही. कलम १७९ म्हणजे साक्षीदार म्हणून बोलावलंय. या कलमाचा अधिकार त्या ठाण्याच्या किंवा लगतच्या ठाण्याच्या हद्दीपुरता चालतो, आणि स्त्रीला, ६० वर्षांवरच्या पुरुषाला किंवा गंभीर आजाऱ्याला राहत्या ठिकाणाबाहेर बोलावताच येत नाही. जबाब हवा असेल तर ते तुमच्या ओटीवर येतील. कलम ३५(३) असेल तर मात्र ती संशयिताला दिलेली नोटीस आहे. त्या दिवशी वकील गाठा. ही नोटीस पाळणाऱ्याला, अधिकाऱ्याने लेखी कारणं नोंदवल्याशिवाय, अटक करता येत नाही; न पाळणाऱ्याची ढाल जाते. ३५ची नोटीस व्हॉट्सॲपवर बजावणं कायद्यात बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय. तरी व्हॉट्सॲपवर आली म्हणून केराच्या टोपलीत टाकू नका. ‘नोटीस रीतसर पाठवावी, माहिती द्यायला तयार आहे’ एवढं ईमेलने कळवा. व्हिडिओ कॉलवर ‘तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय’ म्हणणारा कोणीही आला तर फोन ठेवा. तसली अटक आपल्या कायद्यात नाहीच.

महिना गेला आणि हालचाल नाही, तर न्यायालय. एक वाट त्या राज्यातल्या दंडाधिकाऱ्यांकडे अर्जाची, कलम ५०३ खाली. तिकडे वकील लावावा लागतो आणि अडकलेली रक्कम लहान असेल तर खर्च परवडत नाही. दुसरी वाट उच्च न्यायालयात रिट याचिकेची. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालंय आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग त्याच्याखाली येतात. मुंबईची रात्रीची गाडी पकडायला नको, घाट चढला की झालं. बँकेची शाखा आणि खातं सिंधुदुर्गात असल्याने कारणाचा काही भाग इथे घडलाय, असं वकिलाला मांडता येतं. आणि हे बायकांना कोणी सांगत नाही : विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा हक्क स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता आहे. ओरोसला जिल्हा प्राधिकरण आहे, मदतीचा नंबर १५१००.

तोवरचे व्यवहार. दिलेले चेक असतील तर ज्यांना दिलेत त्यांना आजच लेखी कळवा आणि दुसऱ्या मार्गाने पैसे द्या; चेक परत गेला की कलम १३८ची नोटीस यायला वेळ लागत नाही. कर्जाचा हप्ता दुसऱ्या खात्यातून भरा. गिऱ्हाइकांचे पैसे शेजाऱ्याच्या किंवा सुनेच्या नंबरवर घेऊ नका. कर्जाचा हप्ता, घरखर्च आणि धंद्याचा क्यूआर हे एकाच बचत खात्यावर ठेवणं ही आपल्याकडची सवय आहे, तीच अशा वेळी गळ्याशी येते. धंद्याला वेगळं चालू खातं काढा, म्हणजे उद्या एखाद्या व्यवहाराने ते अडकलं तरी चूल पेटती राहील.

आता ते खोटं पान. पुण्याच्या कुटुंबाचे ६,००० तुम्हाला मिळालेले नाहीत. त्यांचा व्यवहार तुमच्याशी झालेला नाही, कायद्याने तुम्ही देणं लागत नाही. दारात आलेल्यांना खोली दिली असेल तर चांगलंच केलंत, पण पावतीवर ‘आगाऊ रक्कम आमच्याकडे जमा नाही’ अशी ओळ हवी. त्यांनी लगेच १९३० वर फोन करायला हवा होता, अजून केला नसेल तर आज करू दे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भार नाही असं आहे, पण ते ग्राहकाच्या नकळत, परस्पर झालेल्या व्यवहारांसाठी. स्वतः पिन टाकून दिलेल्या पैशाला ते लागू होत नाही, ही गल्लत सगळीकडे दिसते.

तुमची तक्रार वेगळी, आणि तिला लागतो नेमका पुरावा. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, कारण पानाचं नाव उद्या बदलतं. पानाची पूर्ण लिंक कॉपी करून ठेवा. मोबाइलवर पान उघडण्यापासून नंबर, यूपीआय आणि त्यावर उमटणारं नाव दिसेपर्यंत स्क्रीन रेकॉर्डिंग करा. ज्या फोनवर हे केलंत तो फोन विकू नका, रीसेट करू नका. पुढे न्यायालयात साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४)चं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक उपकरण हाताळणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश किंमत, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, हीही लिहावी लागते. ते काम वकील करील, मूळ फाइल जपणं तुमच्या हातात आहे. कलमं ६६ड आणि न्याय संहितेचं ३१९(२), तोतयेगिरीने फसवणूक, पाच वर्षांपर्यंत कैद.

पान उतरवण्याचं काम पोलिसांवर सोडून बसू नका. २०२१च्या नियमांप्रमाणे समाजमाध्यमाच्या कंपनीला तक्रार अधिकारी नेमावाच लागतो आणि तक्रारीची पोच २४ तासांत द्यावी लागते. गावातल्या ५० जणांनी ‘रिपोर्ट’ दाबण्यापेक्षा मालकाची एक तक्रार, नोंदणीच्या कागदासह, जास्त चालते. उत्तर समाधानकारक नसेल तर ३० दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं. नकाशावरची तुमची नोंदही तपासा. तिच्यावर मालक म्हणून हक्क घेतलेला नसेल तर ‘बदल सुचवा’ दाबून कोणीही तिथे आपला फोन नंबर घुसवू शकतो, आणि पर्यटक पहिला फोन तिथूनच लावतो. घराच्या फलकावर आणि तुमच्या पानावर बुकिंगचा एकच नंबर आणि यूपीआयला दिसणारं नाव लिहून टाका.

मुलाला त्या माणसाचा फोटो टाकू देऊ नका. समाजमाध्यमावर काही लिहिलं म्हणून अटक करायला जे कलम ६६अ वापरलं जायचं, ते आता नाही. २०१२ मध्ये इथेच, कोकणच्या उत्तर टोकाला पालघरला, एका फेसबुक पोस्टवरून दोन तरुणींना अटक झाली. त्यावरून श्रेया सिंघल यांनी याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं. बदनामीचं कलम मात्र आहेच, न्याय संहितेत ३५६. त्याहून मोठं कारण वेगळं आहे. त्या यूपीआयवर जे नाव दिसतं तो बहुधा भामटा नाहीच. ज्याने आपलं खातं महिना काही हजारांवर वापरायला दिलं असा कोणाचा तरी भाचा असण्याची शक्यता जास्त. सावधगिरीची पोस्ट जरूर टाका : ‘आमच्या नावाने खोटं पान आहे, हा नंबर आमचा नाही, पैसे भरू नका.’ नाव-फोटो पोलिसांना द्या.

याच निमित्ताने, पाहुण्यांच्या आधारकार्डांचे फोटो तुमच्या फोनच्या गॅलरीत वर्षानुवर्षं पडून असतील, ते आवरा. शेवटचे चारच आकडे दिसणारं ‘मास्क्ड’ आधार मागा, नोंद झाली की फोटो काढून टाका. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आहेत. बहुतेक बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात आणि लहान धंदा म्हणून कोणी आपोआप सुटत नाही.

राहिला भाचा. ताई, वावगं आहे, आणि फार आहे. खातं भाड्याने घेणाऱ्याला ते लुटीचे पैसे फिरवायलाच हवं असतं. सरळ धंदा करणाऱ्याला स्वतःचं खातं उघडायला कोणी अडवत नाही. तुमच्या बाबतीत ‘मला माहीत नव्हतं’ हे कागदांनी सिद्ध होतं. त्याच्या बाबतीत महिन्याला येणारे ५,०००च उलटी साक्ष देतात : पासबुक, कार्ड, पिन आणि सिम देऊन टाकताना तुला काय वाटलं होतं, हा प्रश्न येणार. फसवणुकीत सहभाग, कट, चोरीचा माल, ही कलमं तर लागतातच. टोळी मोठी निघाली तर संघटित गुन्हेगारीचं कलम १११ आहे. त्यात सायबर गुन्हे नावानिशी घातलेत आणि टोळीत सामील असणाऱ्याची शिक्षा पाच वर्षांच्या खाली जात नाही. संशयित खात्यांची देशपातळीवरची नोंदवहीही सप्टेंबर २०२४ पासून आहे. बँकांना ती दिसते, त्यात नाव गेलं की पुढे कुठेही खातं उघडणं अवघड.

त्याला उद्या सकाळी बँक उघडताच शाखेत न्या. खातं ‘बंद’ करायचा अर्ज नको, व्यवहार थांबवायचा अर्ज द्यायचा : कार्ड, नेट बँकिंग, यूपीआय, चेकबुक सगळं गोठवा. खात्यात शिल्लक असेल ती त्याची नाही, काढायची नाही, घरातल्या कोणाच्या खात्यात सरकवायचीही नाही. खात्याला जोडलेलं सिम दुसऱ्याकडे असेल तर मोबाइल कंपनीत जाऊन ते बंद करायचं, आणि संचार साथी पोर्टलवर त्याच्या नावाने आणखी किती नंबर चालू आहेत ते पाहायचं. तिथून वकिलाकडे, आणि वकिलासह ठाण्यात, खातं कोणी मागितलं, कोणामार्फत, पैसे कसे मिळाले, सगळं सांगायला. स्वतःहून गेलेला मुलगा आणि परराज्यातल्या पथकाने पहाटे घरातून उचललेला मुलगा यांच्याकडे न्यायाधीश एकाच नजरेने पाहत नाहीत. परराज्यात गुन्हा नोंदला गेल्याचं कळलं तर तिथल्या न्यायालयात पोचेपर्यंत मर्यादित काळाचा अटकपूर्व जामीन इथल्या सत्र न्यायालयातून किंवा कोल्हापूरच्या बेंचकडून मागता येतो, सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये तसा मार्ग दाखवलाय. टेलिग्रामवरचं संभाषण त्याला लाजेपोटी पुसावंसं वाटेल. आज रात्रीच त्याचा फोन तुमच्याकडे घेऊन ठेवा.